काट्याचा आकडा अर्धवट वाचला जाऊ नये

महोदय,

द्राक्षाच्या पॅकहाउसमधला किंवा कांद्याच्या खळ्यावरचा वजनकाटा मायक्रोकंट्रोलरला (प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपला) जोडून वजन थेट संगणकात घ्यायचे, हा प्रोजेक्ट नाशिकच्या विद्यार्थ्यांना अगदी जवळचा आहे. शेतकऱ्याची पट्टी याच आकड्यावर बनते, म्हणून तो वाचण्याची पद्धत काटेकोर शिकवली पाहिजे.

इंडिकेटरमागचे (काट्याचा आकडा दाखवणाऱ्या डब्यामागचे) आरएस-२३२ हे डेटा पाठवण्याचे पोर्ट आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला थेट जोडू नये. ती लाइन मोकळी असतानाही उणे व्होल्टवर असते आणि उनोची पिन जळू शकते. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स-२३२ चिप आणि १ मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर लागतात. नऊ पिनांच्या पोर्टात २ आणि ३ पैकी डेटा पाठवणारी पिन मल्टिमीटरने सापडते: ५ नंबरच्या ग्राउंडशी मोजल्यावर जी ठळक उणे व्होल्ट दाखवते, ती.

पडद्यावर ०, ३, ५, ६, ९ नीट आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतीच चिन्हे आली, तर बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) बदलत बसू नये. काटा प्रत्येक अक्षर ७ बिट आणि इव्हन पॅरिटीवर (चूक ओळखण्यासाठी जोडलेला एक जादा बिट) पाठवतो आहे आणि आपण ८ बिट वाचतो आहोत, एवढाच त्याचा अर्थ. प्रोग्राममध्ये सिरीयल सुरू करताना ७ई१ (७ बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट) द्यावे.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक डिलेमुळे, म्हणजे प्रोग्रामला थांबवून ठेवणाऱ्या आज्ञेमुळे, होते. उनोचा सिरीयल बफर, म्हणजे आलेली अक्षरे वाचेपर्यंत साठवण्याची जागा, जेमतेम ६४ अक्षरांचा. काटा सेकंदाला १८ अक्षरांच्या १० ओळी पाठवत असेल, तर एक सेकंदाच्या डिलेमध्ये १८० अक्षरे येतात. बफर भरल्यावर आलेले सगळे वाया जाते. मग एका ओळीचे डोके आणि दुसऱ्या ओळीचे शेपूट जुळून जो आकडा तयार होतो तो दिसायला अगदी खरा असतो. ओळीच्या मध्येच वाचन सुरू झाले, तर १२५० किलोचे २५० होतात.

त्यामुळे डिले काढून वेळ मिलिसने (प्रोग्राम न थांबवता मिलिसेकंद सांगणाऱ्या फंक्शनने) मोजावी. प्रत्येक फेरीत आलेली अक्षरे एकेक करून ॲरेमध्ये (प्रोग्राममधल्या यादीत) भरावीत आणि ओळ संपल्याची खूण आल्यावरच आकडा काढावा. पहिली ओळ कायम टाकून द्यावी. ज्या ओळीची लांबी जुळली नाही, तीही टाकावी. अनेक काटे ओळीच्या सुरुवातीला स्थिर वजनासाठी एसटी आणि हलत्या वजनासाठी यूएस पाठवतात; यूएसची ओळ कधीच नोंदवू नये. दोन सेकंदांत धड ओळ आली नाही, तर पडद्यावर जुने वजन न ठेवता रेघा दाखवाव्यात.

परीक्षकांना विनंती आहे की, प्रोजेक्ट तपासताना वजन चालू असताना केबल काढून पुन्हा लावावी आणि त्या वेळी काय नोंदले जाते ते पाहूनच गुण द्यावेत.

आपला,
एक वाचक, सातपूर, नाशिक