हेल्पर म्हणून लागण्याआधी

वडगाव, बेळगाव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू शिनोळीला कारखान्यात हेल्पर म्हणून लागणार असं मामा म्हणाले. हजेरीचे पैसे लगेच हातात पडतात, कबूल. पण इथं उद्यमबागेच्या कारखान्यांत माझ्याबरोबर हेल्पर म्हणून लागलेली कितीतरी माणसं अजून हेल्परच आहेत. काम सगळं येतं, कागद नाही.

परवा आमच्या शॉपमध्ये एक अप्रेंटिस पोरगा लेथवर बुश, म्हणजे मधे भोक असलेली गोल नळी, करत होता, तुझ्याच वयाचा. शेवटचा कट घ्यायच्या आधी त्यानं मशीन थांबवलं, त्या भोकाला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावला, कुठली रेघ जुळते ते डोळा बारीक करून बघितलं आणि ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप सांगितलं. मिस्त्रीनं नुसती मान हलवली. आमच्या मिस्त्रीची मान सहजासहजी हलत नाही!

गणितात नापास झालास म्हणून हे जमणार नाही, असं मनात आणू नकोस. सायकलच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना कुठला स्पोक किती पिळायचा, ते तुला कुणी शिकवलं?

आयटीआयला वेल्डरचा ट्रेड आठवी पासवर मिळतो, एक वर्षाचा. फिटर-टर्नरला मात्र दहावी लागते, म्हणून दहावी सोडायची नाही. एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या ओपन शाळेतून, मराठी माध्यमात पाच विषय घे. एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. कानडीचा पेपर तिथं सक्तीचा नाही. (पेपर टळला तरी कानडी बोलायला शीक. शॉपमध्ये निम्मी माणसं कानडी बोलतात, आणि शिव्या तर सगळे कानडीतच देतात.)

वेल्डर झालास की अप्रेंटिसशिप. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानं त्यात स्टायपेंड द्यावाच लागतो. दहावी पास झालास आणि मन झालं, तर बेळगावातच जीटीटीसीत, म्हणजे सरकारी टूलरूममध्ये, टूल अँड डायचा, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायचा, डिप्लोमा आहे. ते पुढचं पुढं.

कुणी म्हणेल, ओपनची दहावी कच्ची. ती केंद्र सरकारच्या बोर्डाची आहे, एवढं सांग आणि गप्प बस.

रविवारी ये. आठवीचं मार्कलिस्ट, शाळेचा दाखला, आधार आणि फोटो घेऊन ये, सोमवारी मी सुट्टी टाकतो. आईनं तुझ्यासाठी कुंदा आणून ठेवलाय, उशीर केलास तर धाकटी ठेवायची नाही.

तुझे,
बाबा