फायबरवाले काका, स्टॉर्मच्या स्पॉयलरसाठी मनापासून थँक्यू

काका नमस्कार,

परवा तुम्ही हात धुवून लगेच टाकीच्या कामाला लागलात आणि मला नीट बोलताच आलं नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

पप्पांची सॅन स्टॉर्म तुम्ही बघितलीच. गोव्यात बनलेली टू सीटर, रेनॉचं 1149 सीसी इंजिन आणि बॉडी फायबरची. पप्पांच्या कपाटाच्या दाराला आतून 1973 च्या पोर्शे 911 कॅरेरा आरएसचा फोटो चिकटवलाय, मागं बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर असलेली. जोरात जाताना छताच्या उतारावर हवेचा दाब कमी होतो आणि गाडीचा मागचा भाग हलका पडतो, ती शेपटी हवेची वाट मोडून तो भाग दाबून धरते. आपल्या रस्त्यांवरच्या स्पीडला त्याचा फरक जाणवणार नाही हे पप्पांनाही माहितीय, पण त्यांना ती शेपटी स्टॉर्मवर बघायची होती, आणि मला ती त्यांना दाखवायची होती. एवढंच.

तुमच्याकडं यायच्या आधी एका ठिकाणी गाडी नेली होती. त्यांनी पत्र्याच्या गाडीसारखा डिक्कीवर पंच ठोकला आणि हॅमर मोडवर ड्रिल चालवलं, वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकला. त्या रात्री मला झोप लागली नाही ओ काका, ते झाकण परत कुठून आणणार?

मग कुणीतरी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचं नाव सांगितलं. मी स्पॉयलर हातात घेऊनच आलो आणि म्हणलं, फक्त चार होल पाडून द्या. तुम्ही तो डिक्कीवर ठेवून बघितला आणि म्हणालात, "हे काय करायलाव मालक? बूड सपाट हाय, झाकण गोल हाय. बोल्ट आवळला की परत तडकंल." हे तोपर्यंत मला एकानंही सांगितलं नव्हतं.

आधी तुम्ही तो तडा घासून, काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) लावून बुजवला. मग डिक्कीवर ब्राऊन टेप चिकटवून त्यावर रेझिनमध्ये भिजवलेली मॅट अंथरली आणि वर स्पॉयलर दाबून ठेवला, म्हणजे बुडालाच डिक्कीचा गोलवा आला. मे महिन्याचं ऊन, म्हणून रेझिन घट्ट करणारं हार्डनर कमी टाकलात, नाहीतर डब्यातच दगड होतो म्हणालात. दुसऱ्या दिवशी टेपवरून ते अलगद निघालं तेव्हा मी अक्षरशः ओरडलो.

होल पाडताना तर मी श्वास धरून उभा होतो. मास्किंग टेप, आधी 3 एमएमचा बिट, ड्रिल हळू, मग 6 चा, आणि होलची कड हातानंच घासली. खालून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी टाकलीत म्हणजे जोर एका वायसरवर येत नाही, मध्ये रबर आणि सिलिकॉन, आणि बोल्ट शेवटी हातपान्यानंच. नंतर बादलीभर पाणी ओतून डिक्कीत हात फिरवून बघितलात, कोरडी!

रविवारी पप्पांना शेजारी बसवून हिप्परग्याच्या तलावापर्यंत नेऊन आणलं. ते उतरले आणि मागं जाऊन त्या स्पॉयलरवर नुसता हात फिरवत राहिले, बराच वेळ, काही बोललेच नाहीत. मला तुम्ही आठवलात.

तीन दिवस घालवलेत आणि पैसे फक्त मटेरियलचे घेतलेत, हे मला पटलेलं नाही काका. मजुरी घेऊन येतोय, आणि आईनं तुमच्यासाठी शेंगा चटणी बांधून ठेवलीय. तुमचा 6 चा बिट पण डिक्कीतच राहिलाय, तो पण आणतो.

तुमचा,
लाल स्टॉर्मवाला