आठव्या दिवशीच्या उपचाराचे पैसे कापल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : पत्नीच्या दाव्यातून कापलेले ३,४२,००० रुपये मिळण्याबाबत

महोदय,

पत्नीच्या मेंदूतल्या रक्तस्रावाचा दावा तुम्ही मंजूर केलात, पण त्यातून ३ लाख ४२ हजार कापलेत. कारण एका ओळीचं : ‘११ व १२ फेब्रुवारीची अँजिओग्राफी ही पुनर्तपासणी असून मूळ उपचार ४ फेब्रुवारीस पूर्ण झाला.’ ही ओळ लिहिणाऱ्याने फाइल उघडलेली दिसत नाही.

३ फेब्रुवारीला सकाळी पोळ्या लाटता लाटता ती डोकं धरून खाली बसली. मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा फुटला होता. दुसऱ्या दिवशी इथे नाशिकमध्येच मांडीतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून, फुग्यात कॉइल म्हणजे बारीक तारेची वेटोळी भरून तो बंद केला. तुमच्या हिशेबी आजार तिथे संपला. डॉक्टर मात्र त्याच संध्याकाळी म्हणाले, “खरे दिवस आता पुढे आहेत.” मेंदूभोवती सांडलेलं रक्त विरघळू लागलं की त्यातले घटक आसपासच्या धमन्यांना डिवचतात आणि त्या आकसतात. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात हा धोका असतो. म्हणून तिला आयसीयूत ठेवलं होतं. रोज कानशिलावर डॉपलर हे ध्वनिलहरींचं यंत्र लावून धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजत. पाइप चिमटला की पाणी जोरात धावतं, तसंच हे. ते आकडे तारीखवार फाइलमध्ये आहेत.

११ तारखेला सकाळी मी चमचा दाखवून विचारलं, “हे काय?” ती म्हणाली, “खिडकी.” मला आधी हसू आलं, त्याची अजून लाज वाटते. मग उजवा हात उचलेना. आकसलेल्या धमनीतून रक्त पुढे जावं म्हणून औषधाने मुद्दाम रक्तदाब वाढवून पाहिला, फरक पडला नाही, तेव्हा कॅथलॅबमध्ये, म्हणजे कॅथेटरने उपचार करतात त्या खोलीत नेलं. डावीकडची मोठी धमनी दोऱ्यासारखी झाली होती. ती बलूनने रुंद केली. पुढच्या बारीक फांद्यांत बलून नेता येत नाही, तिथे कॅथेटरमधून मिलरिनोन हे धमन्या सैल करणारं औषध सोडलं. या औषधाचा असर काही तासांत ओसरतो. १२ तारखेला बोलणं पुन्हा अडखळलं, म्हणून पुन्हा औषध सोडावं लागलं. ही तपासणी असेल, तर बिलाला स्टिकरसकट जोडलेला बलून कशासाठी वापरला, ते तुम्हीच सांगा.

तुमच्या हेल्पलाइनवरच्या ताईंनी विचारलं, “सर, दुसरा स्ट्रोक आला होता का?” नाही, तो येऊ नये म्हणूनच तर हा खर्च झाला. आला असता तर कदाचित तुम्ही बिनबोभाट पैसे दिले असते.

कापलेल्या रकमेत निमोडिपिनच्या गोळ्याही आहेत, ‘रक्तदाब हा पॉलिसीपूर्वीचा आजार’ म्हणून. ही गोळी तुम्ही रक्तदाबाची धरलीत, पण तिला रक्तदाब कधीच नव्हता. या रक्तस्रावानंतर मेंदूला पुढे इजा होऊ नये म्हणून ही गोळी २१ दिवस देतात : दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम. १९ तारखेला घरी आणल्यावरही रात्री दोनचा गजर लावून मी तिला दोन-दोन गोळ्या देत होतो. रिकाम्या पट्ट्या जपून ठेवल्या आहेत, हव्या असतील तर पाठवतो.

दावा अंशतः नाकारतानाही पॉलिसीतलं नेमकं कलम कळवायला हवं, असं विमा नियामकाचं २९ मे २०२४ चं परिपत्रक सांगतं. तुमच्या पत्रात एकही कलम नाही. तेव्हा ही फाइल मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवून पूर्ण रक्कम द्या, नाहीतर कलम लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार आहे.

सोबत : दोन्ही दिवसांच्या प्रक्रियांच्या नोंदी, डॉपलरचा तक्ता, बलूनचं स्टिकर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं.

आपला विमाधारक,
इंदिरानगर, नाशिक