आई-बाबा, मी मार्चपर्यंत दिल्लीतच थांबते आहे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा "बरं, बरं" म्हणत फोन तिच्याकडे देतात, म्हणून लिहायलाच बसले. लहान मुलांच्या शिक्षणावरची माझी इंटर्नशिप मार्चअखेरपर्यंत वाढवून मिळाली आहे. मी सही केली. नागपूरच्या ऑफिसात परत येणार नाही, हेही कळवून टाकलं. याचा अर्थ डिसेंबरात बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी तिथे नसेन. हे लिहिताना मला फार जड जातंय. पण दादाशी सगळं बोलून झालंय, तो आणि वहिनी अमरावतीहून आदल्या रात्रीच येतील. मोठ्या मामांच्या वेळी काय झालं ते मी विसरलेले नाही. म्हणून तर डॉक्टरांना स्वतः फोन करून सगळं विचारून घेतलं.

आधी पैशांचं सांगते, आईला तीच काळजी असते. स्टायपेंड जुन्या पगाराच्या निम्मासुद्धा नाही, पण खोलीचं भाडं, मेस आणि मेट्रो त्यात भागतं. प्लॉटचा हप्ता माझ्या बचतीतून वेळेवर जातोय आणि मार्चपर्यंत जात राहील. पीएफला हात लावलेला नाही. कुणाकडून उसने घेतलेले नाहीत. हवेचं टीव्हीवर दाखवतात ते खरं आहे, पण मी मास्क लावल्याशिवाय बाहेर पडत नाही आणि सकाळचं फिरणं सध्या बंद ठेवलंय. रजई घेतली, चांगली जाड आहे. रविवारी आम्ही तिघी खोलीवरच स्वयंपाक करतो. ज्वारीचं पीठ मिळतं इथे. माझी भाकर आता फुगते, आई! ठेचा त्या दोघींनाही लागतो, तेव्हा पुढच्या वेळी बरणी मोठी पाठव.

आता बाबांनी विचारलेलं. "लहान मुलांच्या शाळेवर दिल्लीत बसून कसला अभ्यास करतेस?" बाबा, तुम्ही आयुष्य कोर्टात काढलंत, म्हणून तुमच्या भाषेत सांगते. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात असं होतं की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळावं, यासाठी राज्यानं प्रयत्न करावा. वयाची खालची अट त्यात नव्हतीच. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चौदापर्यंतचं शिक्षण मूलभूत हक्क मानलं, तेव्हाही ती घातली गेली नाही. ती आली २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीत. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना कलम २१-क, म्हणजे शिक्षणाचा मूलभूत हक्क, मिळाला, आणि सहाच्या आतल्या मुलांसाठी पुन्हा प्रयत्नांचं आश्वासन तेवढं राहिलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं ११ वं कलम तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय करायची सरकारला मुभा देतं, बंधन घालत नाही. अंगणवाडीतल्या खाऊचा हक्क २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिला. शिकण्याचा हक्क मात्र अजून नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरला, ते फार चांगलं झालं, पण धोरण घेऊन कुणाला कोर्टात जाता येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार!

ही फट बुजावी म्हणून आमचं काम चाललेलं असतं. संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं वाचायची, अर्थसंकल्पातले आकडे लावायचे, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचे, आणि या सगळ्यातून खासदारांना देता येईल असं दोन पानी टिपण करायचं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आहे. त्याआधी आणि त्या दिवसांत मला इथून हलता येत नाही, कारण महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांच्या मुलाखती ऐकून लिहून काढणारी मी एकटीच आहे. त्यांचं बोलणं मराठीत आहे, वऱ्हाडीत आहे, ते इथे दुसऱ्या कुणाला नीट लागत नाही. आई, त्या बायकांचा दिवस ऐकलास तर तू मला परत ये म्हणणार नाहीस. वजनं, लसीकरण, घरपोच आहार, गृहभेटी, गरोदर बायकांच्या नोंदी, आणि त्यावर मोबाइलमधलं पोषण ट्रॅकर हे नोंदींचं सरकारी ॲप. गाणी-गोष्टींना उरेल तो वेळ. केंद्राच्या दरानं सेविकेचं मानधन २०१८ पासून ४,५०० रुपये आणि मदतनिसेचं २,२५०. राज्य वर भर घालतं, पण केंद्राचा आकडा तिथेच थांबलाय. देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत, आणि त्या अशा चालल्या आहेत.

२ ऑक्टोबर २०२५ ला अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बाल विकास योजनेला ५० वर्षं झाली. १९७५ मध्ये ती ३३ प्रकल्पांत सुरू झाली, त्यात आपली मेळघाटातली धारणी होती. ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा माझी मान ताठ झाली होती. आणि त्याच्याही तीस वर्षं आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डीला काम सुरू केलं, मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, हेही सांगितलं. त्यांचं काम पुढे जिथे गेलं त्या कोसबाडचं नाव इथल्या नव्या मुलींनी ऐकलेलं नव्हतं. आता ऐकलंय.

धारणीच्या बदलीची वर्षं मला अलीकडे सारखी आठवतात. क्वार्टरसमोरच्या अंगणवाडीत मी रडायचे, म्हणून आई दाराशी सूप घेऊन निवडत बसायची. तू उठून जाऊ नयेस म्हणून मी तुझ्या पदराचं टोक पायाखाली दाबून ठेवायचे. माझ्या शेजारी बसायची ती कोरकू मुलगी आठवते का, काजळ घातलेली? आम्ही गाणी म्हणायचो आणि ती नुसत्या टाळ्या वाजवायची. मला वाटायचं, लाजते. तिच्या घरी मराठीच नव्हती, शब्द तिच्यापर्यंत पोचतच नव्हते, हे मला त्या मुलाखती लिहिताना उमगलं. मला दाराशी आई होती आणि आत माझी भाषा होती. तिला दोन्ही नव्हतं. घरच्या भाषेत सुरुवात व्हावी, त्यासाठी ती भाषा बोलणारी सेविका असावी, पुस्तकं असावीत, हा परिच्छेद टिपणात मी लिहिलाय. वरिष्ठांनी तो तसाच ठेवला. म्हणून थांबते आहे. तुमच्यापासून दूर राहायचं म्हणून नाही, हे आत्यांनाही सांगा.

अकोल्याच्या मंडळींना काय कळवायचं ते मी कळवेन, तुम्ही संकोचात पडू नका.

आता नीट ऐका. बाबा, ऑपरेशनआधी साखर तपासून घ्यायचीच, "मला काही होत नाही" चालणार नाही. थेंबांच्या वेळा मी मोठ्या अक्षरात लिहून दादाला पाठवल्या आहेत, त्या फ्रिजवर लावा. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून बादली उचलायची नाही, डोळा चोळायचा नाही. पेपर आई वाचून दाखवेल. आणि आई, त्या आठवड्यात पाहुण्यांना चहा वहिनी करेल, तू गुडघ्यांना शेक घे. उगाच उपास धरू नकोस. अधिवेशन संपलं की मी नागपूरला उतरून एसटीनं येते, तिकीट काढलंय.

एक काम आहे, पण महिनाभरानंतरचं. आपल्या गल्लीतल्या सेविकाकाकू निवृत्त झाल्या, त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली का ते विचारा. सेविका-मदतनिसांना तो हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या प्रकरणात आलाय. प्रत मी आणते. अर्ज तुमच्यासारखा कुणी लिहीत नाही, बाबा. पण डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पेन हातात घ्यायचं नाही.

तुमची,
मनी