आठवीच्या वर्षात अख्खी कादंबरी वाचून घेणाऱ्या इंग्रजीच्या मॅडमना

सादर नमस्कार मॅडम,

हे पत्र शाळेत येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही वर्षभर वर्गात जे केलंत ते पलूस-तासगाव भागातल्या इतर पालकांना आणि शिक्षकांनाही कळावं असं मनापासून वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आठवीचं वर्ष म्हणजे आमच्याकडे परीक्षांचं वर्ष. डिसेंबरच्या सुमारास एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा, फेब्रुवारीत राज्याची पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती (ती २०२५-२६ पर्यंत आठवीला होती), शिवाय शाळेच्या चाचण्या आणि सत्र परीक्षा आहेतच. ज्या घरात आठवीचं पोर, तिथं कॉटखाली सराव प्रश्नसंचांचा गठ्ठा. अशा वर्षी तुम्ही जूनमध्येच वर्गाला सांगितलंत की यंदा इंग्रजीतली एक कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. मराठी माध्यमाची मुलं, घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही, आणि कादंबरी कुठली, तर ॲना स्युएल यांची १८७७ सालची ‘ब्लॅक ब्यूटी’.

आता मागे वळून बघताना तुमच्या निवडीचं फार कौतुक वाटतं. गोष्ट सांगणारा घोडा आहे. प्रकरणं एकूण ४९, पण बहुतेक दोन-चार पानांची, म्हणजे आठवड्याला दोन झाली तरी वर्षात पुस्तक पुरं होतं. स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला, त्यामुळे तुम्ही प्रकरणांच्या झेरॉक्स काढून एका बाकावर एक प्रत देऊ शकलात. आणि मुख्य म्हणजे जनावरावर चालणारं जग आमच्या मुलांना परकं नाही. लेखिकेला लहानपणी पायाला इजा झाली आणि पुढे जन्मभर तिला नीट चालता आलं नाही, कुठंही जायचं तर घोडागाडीच, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. त्या दिवशी माझी पोरगी घरी येऊन हेच आजीला सांगत बसली होती.

वाचन सुरू झालं ते बेंदराच्या आसपास. घरी खांदेमळणी चाललेली, आजोबा हळद-तेलानं बैलांचे खांदे चोळतायत आणि ही शेजारी बसून विचारतेय, ‘रोज जू कुठं घासतं?’ मला आधी कळेना हिला एकदम काय झालं. मग समजलं, तुम्ही गृहपाठच तसा दिला होता: जनावराकडून काम करून घेणाऱ्या एका माणसाशी बोला आणि त्यानं सांगितलेलं चार वाक्यांत इंग्रजीत लिहा. पुढं पुस्तकात मोठ्या घरच्या बाईसाहेब येतात. घोड्यांची मान ताठ आणि देखणी दिसावी म्हणून त्यांचा लगाम वर खेचून बांधायला लावतात. मान खाली घेता येत नाही, त्यामुळे चढावर घोड्याला जोर लावता येत नाही. तोवर आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या आल्या होत्या. माझी लेक आमच्या रानाशेजारी उतरलेल्या एका गाडीवानाकडे गेली आणि त्याला विचारून आली की चढावर बैल मान कशी धरतो. त्यांनी तिला हातानं दाखवलं, खांदा सुजलेला बैलही दाखवला. तिच्या वहीतली ती चार वाक्यं मी वाचली आहेत. काळ चुकलेत, एका ठिकाणी क्रियापदच नाही, पण बैल डोळ्यांसमोर उभा राहतो. तुम्ही लाल पेनानं काळ दुरुस्त केलेत आणि बाजूला लिहिलंत, ‘हे वर्गात वाचून दाखव.’

मात्र ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट वेगळी आहे. कादंबरीच्या त्याच पानांवर तुम्ही परीक्षेची तयारी करून घेतलीत.

बारावं प्रकरण वादळाच्या रात्रीचं आहे. नदी फुगलेली, गाडी लाकडी पुलापाशी येते आणि घोडा पाय टाकायला तयार होत नाही. पलीकडून माणूस मशाल घेऊन ओरडत येतो, पूल मध्येच तुटून वाहून गेलेला असतो. आम्ही कृष्णाकाठची माणसं, २०१९ चा महापूर या मुलांनी लहानपणी पाहिलाय. वर्गाला हे प्रकरण समजावून सांगायची गरजच पडली नसेल. पण तुम्ही त्यावर शिष्यवृत्तीच्या धर्तीचा प्रश्न काढलात: घोडा का थांबला? चार पर्याय. एक, रस्त्यात झाड पडलं म्हणून. दोन, त्याला पुलांची कायमच भीती वाटायची. तीन, मालकानं चाबूक लावला म्हणून. चार, पायाखाली काहीतरी बिघडलंय हे त्याला जाणवलं.

मग एकेक चुकीचा पर्याय हातात घेऊन तुम्ही तो का फसवतो ते दाखवलंत. झाड खरंच पडलेलं असतं, पण ते आधी, दुसऱ्या ठिकाणी. उताऱ्यातला शब्द पर्यायात दिसला की तेच उत्तर असं मुलं समजतात, तो हा सापळा. चाबूकही खरा, पण तो घोडा थांबल्यानंतरचा, म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल. आणि ‘कायमच’ असा शब्द दिसला की मागं जाऊन ताडून बघायचं, कारण त्याच दिवशी सकाळी घोडा तोच पूल मुकाट्यानं ओलांडून गेलेला असतो.

पुढच्या आठवड्यापासून प्रश्न मुलांनीच काढायचे, आणि तीन चुकीचे पर्यायही त्यांनीच लिहायचे, शेजारच्या बाकावरची मुलं फसतील असे. हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. फसवा पर्याय स्वतः बनवायचा तर उतारा तीन-तीनदा वाचावाच लागतो. पोरगी जेवताना आमच्यावरच प्रश्न काढायला लागली. आठवीच्या शिष्यवृत्तीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही रंगवावे लागायचे. म्हणून पहिलं बरोबर उत्तर सापडलं तरी उरलेले पर्याय वाचायचेच, हेही तुम्ही या खेळातूनच अंगवळणी पाडलंत.

एनएमएमएसमध्ये इंग्रजीचा भागच नाही. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, ९०-९० प्रश्न. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, आणि ज्या घराचं वर्ष ऊसबिलावर निघतं त्या घराला ही रक्कम फार मोठी आहे. त्यामुळे नोव्हेंबरच्या पालकसभेत ‘कादंबरी आता थांबवा’ असा सूर निघाला. तुम्ही कुणालाच दुखावलं नाहीत. ‘हे पैसे मुलांना मिळालेच पाहिजेत’ असं म्हणालात, आठवड्यातला स्वतःचा एक तास गणिताच्या सरांना दिलात आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेतला वाचनाचा तास मात्र शेवटपर्यंत सोडला नाहीत.

शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न, त्यातले इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५० होते. बुद्धिमत्तेला वेळ हवा तर इंग्रजी पटकन उरकावं लागायचं. पेपरातला उतारा दहा-बारा ओळींचा. जून ते जानेवारी पानांमागून पानं वाचलेल्या मुलांना त्याचं काय वाटणार? परीक्षा केंद्राबाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, ‘उतारा बारीकसाच होता गं.’ ती पात्र ठरली, शिष्यवृत्तीच्या यादीत मात्र थोडक्यात हुकली. इंग्रजीचे गुण तिच्या सगळ्या विषयांत वरचे आहेत.

आणखी एक सांगायचं राहिलं. कादंबरीतली जिंजर घोडी मरते ते प्रकरण झालं, त्या दिवशी वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा उठला आणि त्यानं मराठीतच विचारलं, ‘पण तिला विकलीच का?’ तुम्ही त्याला इंग्रजीत विचार असं म्हटलं नाहीत. राहिलेला सगळा तास त्या प्रश्नावर घालवलात, हे मला लेकीनं सांगितलं. एका पोराच्या प्रश्नासाठी ठरलेला पाठ बाजूला ठेवणारी शिक्षिका आमच्या मुलांना मिळाली, याबद्दल तुमचे किती आभार मानावेत कळत नाही.

यंदा धाकटा सातवीतून तुमच्याकडे येतोय. झेरॉक्सचा खर्च वर्षभर तुम्ही पदरचा केलात हे आम्हाला उशिरा कळलं. यंदाचा खर्च आम्ही पाच-सहा पालकांनी वाटून घ्यायचं ठरवलंय, बाकावर एक नाही तर प्रत्येक मुलाला एक प्रत. कादंबरी कुठली घ्यायची ते तेवढं बेंदराच्या आधी कळवा, आणि पैशाला कृपा करून नाही म्हणू नका.

आपली नम्र,
आठवीतल्या एका मुलीची आई
पलूस तालुका, जि. सांगली