निवृत्त खाणकामगारांची छाती कोण तपासणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खाणीत छत कोसळलं किंवा पाणी शिरलं, की पहिल्या पानावर बातमी येते. ती यायलाच हवी. चासनाल्याच्या खाणीत 27 डिसेंबर 1975 रोजी पाणी भरून 375 जण गेले, तो दिवस माझ्या वडिलांना कायम लक्षात असे. त्या तारखेला ते फारसं बोलत नसत.

ते स्वतः 31 वर्षं कोळशाच्या खाणीत जमिनीखाली होते. अपघात एकही नाही. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून शेवटची दोन वर्षं त्यांनी पलंगाला पाठ टेकली नव्हती. नळापासून दारापर्यंत यायला दोनदा थांबायचे. खाणीत छतावर सळई ठोकून आवाज ऐकायचे, खणखणीत आला तर पक्कं, भद्द आला तर तिथून बाजूला व्हायचं. ती सवय घरातही सुटली नव्हती. भिंतीवर बोटाने टकटक करत बसायचे. मेलेल्यांच्या कुठल्याच आकड्यात ते नाहीत.

पाळीवरून आल्यावर त्यांची थुंकी काळी असायची. "निघून जातंय सगळं," असं ते म्हणायचे आणि आम्हालाही तेच खरं वाटायचं. पण थुंकीतून पडते ती जाड धूळ. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथेच राहते. तिच्याभोवती फुफ्फुस कडक होत जातं. ते पुन्हा पहिल्यासारखं करणारं औषध नाही, आणि खाण सोडली तरी हा आजार वाढत राहू शकतो. आई त्यांचे कपडे भिजवण्याआधी उंबऱ्याबाहेर झटकायची. ती धूळ तिच्याही छातीत गेली असेल, हे फार उशिरा सुचलं.

खोकला वाढला तेव्हा एका रुग्णालयात त्यांना आठ महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. दुसरीकडे नेलं तर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "काका, काम काय करायचात?" तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं.

1955 च्या खाण नियमांप्रमाणे कामावर असताना दर पाच वर्षांनी तपासणी व्हायची, छातीचा एक्स-रे निघायचा. त्याचा निकाल आमच्या घरी कधीच आला नाही. निवृत्तीनंतर तर बोलावणंही नाही. अमेरिकेत 1968 मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन 78 माणसं गेली. पुढच्याच वर्षी तिथे जो कायदा झाला, त्यात स्फोटाबरोबर धुळीचाही विचार झाला: हवेतल्या धुळीवर मर्यादा आली आणि या आजारासाठी भरपाईही ठरली.

माझी मागणी साधी आहे. जमिनीखाली काम केलेल्या प्रत्येकाची छाती निवृत्तीनंतरही ठरावीक काळाने तपासावी, आणि एक्स-रेची प्रत त्याच्या हातात द्यावी. ठेक्यावरच्या पोरांचं तर आणखी कठीण आहे. ठेकेदार बदलला की जुना कागद हरवतो, मग आजार कधी सुरू झाला हे ते दाखवणार कशावरून? कोळसा कापताना पाणी मारलं की धूळ बसते, हे खाणीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याची नळी चालू आहे की नाही, हे रोज कोणीतरी पाहायला हवं. तुमच्या प्रतिनिधींनी एकदा निवृत्तांच्या घरी जावं, अशी विनंती आहे. खोकल्याच्या आवाजावरून घर सापडेल.

वडिलांचा शेवटचा एक्स-रे आमच्या कपाटात आहे. त्याआधीचे कुठे आहेत, हे विचारायला मी दोनदा खाणीच्या कार्यालयात जाऊन आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.

आपली,
एका खाणकामगाराची मुलगी