मुलींचं शिक्षण मोफत, मग माझ्या एम.डेस.ची फी कोण भरतंय? मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्यामागे कामं खूप असतात, राज्य मोठं आहे, हे मान्य करूनच लिहायला बसलेय. पण माझं वर्ष वाया जायची वेळ आलीये म्हणून थोडं स्पष्ट लिहिणार आहे, राग मानू नये.

शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा माझा अर्ज गेल्या आठवड्यात परत आला. शेरा एका ओळीचा, योजनेसाठी पात्र नाही. का नाही, ते लिहिलेलं नाही. मी पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठात एम.डेस. म्हणजे मास्टर ऑफ डिझाइन करतेय, इंडस्ट्रियल डिझाइन, पहिलं वर्ष. यवतमाळ जिल्ह्यातली, ओबीसी, उत्पन्नाचा दाखला आहे, नॉन क्रिमिलेयर आहे, डोमिसाईल आहे, आधार बँकेला लिंक आहे, जे जे मागितलं ते सगळं अपलोड केलं. शेवटी एका सरकारी कार्यालयात जाऊन विचारलं तर तिथले साहेब मान वर न करता म्हणाले, तुमचं विद्यापीठ खाजगी आहे आणि तुमचा कोर्स कॅपमध्ये (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) येत नाही, जीआर वाचला नाही का?

वाचला साहेब, आता तर पाठ झालाय. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुली, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, व्यावसायिक अभ्यासक्रम, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क आधी ५० टक्के माफ होतं ते आता १०० टक्के माफ. मंत्रिमंडळाने त्यासाठी ९०६ कोटींचा जादा भार मंजूर केला. आणि त्याच जीआरमध्ये, जिथे शासकीय, अनुदानित, विनाअनुदानित अशी कॉलेजांची यादी दिलीये तिथेच बारीक करून लिहिलंय की खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. वर प्रवेश कॅपमधूनच झालेला पाहिजे. हे वगळून-बिगळून तुमच्या कोणत्या बॅनरवर होतं? एसटी स्टँडवर होतं? टीव्हीवर होतं? आमच्या गावात तर सगळ्यांना एकच कळलं होतं की मुलगी असेल तर फी नाही. बाबांना पण तेच कळलं होतं, आणि त्याच भरवशावर मी चाकणची नोकरी सोडली.

इंडस्ट्रियल डिझाइन म्हणजे काय हे मला प्रत्येक टेबलावर समजावून सांगावं लागतं. कुणी म्हणतं फॅशन का, कुणी म्हणतं घराचं इंटेरिअर का. तर एकदा नीटच सांगते, कारण ज्या खात्याला कोर्स माहीत नाही ते खातं त्याची फी काय भरणार.

आमच्याकडे वावरात पाठीवरचा फवारणी पंप असतो, साधारण १६ लिटरचा. भरला की पंपासकट वीस किलोच्या आसपास जातो. पट्टे अरुंद, खांद्यात रुततात, म्हणून बाबा पट्ट्याखाली पोत्याची घडी घालतात. झाकणाचे आटे नीट बसत नाहीत, जरा वाकलं की औषध मानेवरून पाठीवर ओघळतं. नळीच्या मुठीजवळ गळतं ते सरळ मनगटावर. आणि नोझल चोंदलं की माणूस ते काढून तोंडाने फुंकतो. हो, तोंडाने. विषारी औषधाचं नोझल. कारण ते साफ करायला वेगळं काहीतरी लागतं आणि वावराच्या मधोमध ते कुणाकडे नसतं. हा गाढवपणा शेतकऱ्याचा नाहीये, तो पंप असाच बनवलाय. पट्टा किती रुंद, झाकण कसं बसणार, नोझल हातमोजे घालून उघडता येईल का, हे कुणीतरी कुठेतरी बसून ठरवायचं असतं, आणि ते ठरवणं म्हणजे माझा विषय.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० च्या वर माणसं मेली, शेकडो दवाखान्यात होती. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या उंचीला लागली होती, फवारा वर धरावा लागायचा आणि तो वाऱ्याने तोंडावर यायचा. मी अकरावीत होते. बाबा पण दवाखान्यात होते, त्यांना नीट दिसत नव्हतं, आई पूर्ण वेळ त्यांच्या पायाशी बसून होती. नंतर चौकशी झाली, काही औषधांवर थोड्या दिवसांची बंदी आली, मास्क आणि हातमोजे वाटले. पंप मात्र तोच राहिला, आजही घराच्या पडवीत तोच टांगलेला आहे. मेकॅनिकलची डिग्री करताना माझ्या डोक्यात हेच होतं, आणि एम.डेस.च्या मुलाखतीला जो पोर्टफोलिओ नेला त्यात पहिला प्रोजेक्ट फवारणी पंपाचाच होता.

मधली दोन वर्षं मी चाकणला प्लास्टिकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरवर, काम केलं. ड्रॉइंग बाहेरून यायचं. मी फक्त साचा भरेल का, मजबुतीसाठी कुठे रिब, म्हणजे आधाराची पट्टी द्यायची, पार्ट साच्यातून सुटेल का एवढंच बघायचे. वस्तू कशी असावी, हातात कशी बसावी, कुणाच्या हातात बसावी हे ठरवणारी माणसं दुसरीकडेच कुठेतरी असायची, बऱ्याचदा दुसऱ्या देशात. आपल्या एमआयडीसीत जा आणि बघा, किती कारखाने स्वतःची वस्तू काढतात आणि किती दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर जॉबवर्क करतात. तुम्ही मेक इन इंडिया म्हणता, पण मेक करायला आधी कुणीतरी ती वस्तू नीट विचार करून आखावी लागते.

आता तुम्ही म्हणाल सरकारी ठिकाणी का नाही घेतलं. घेतलं असतं हो! एम.डेस.च्या प्रवेशासाठीची सीड परीक्षा दिली, जानेवारीत असते, अर्धी कॉम्प्युटरवर आणि अर्धी हाताने ड्रॉइंग काढायची. नोकरी करून, रात्री रूमवर पेन्सिलने हाताची चित्रं काढायची प्रॅक्टिस करून दिली, शिकवणीला पैसे नव्हते. स्कोअर बरा आला. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन स्कूलमध्ये, मुलाखतीपर्यंत गेले, पुढे नंबर लागला नाही. तिथे इंडस्ट्रियल डिझाइनच्या जागा एका वर्गात मावतील एवढ्याच, आणि देशभरातून मुलं येतात. १९६९ पासूनची संस्था आहे ती. तुम्ही ज्या ईव्हीएमवर निवडून येता तिचं डिझाइन तिथल्या प्राध्यापकांनी केलंय, रुपयाचं चिन्ह २०१० साली तिथेच शिकलेल्या माणसाने दिलं. इतका मोठा वारसा मुंबईत आहे आणि त्याच्या बाहेर राज्य सरकारने स्वतः काय उभं केलं? एनआयडी, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय डिझाइन संस्था, अहमदाबादला, १९६१ पासून. पुढे नवीन एनआयडी काढल्या त्या कुरुक्षेत्र, भोपाळ, जोरहाट आणि आंध्रात. महाराष्ट्रात एक पण नाही. बरं, ती केंद्राची गोष्ट झाली, पण राज्य सरकारच्या कोणत्या इंजिनिअरिंग कॉलेजात इंडस्ट्रियल डिझाइनची एम.डेस. शिकवली जाते? एक नाव सांगा, मी उद्या बॅग भरून तिकडे जाते. अमरावतीला सांगा, नागपूरला सांगा, गडचिरोलीला सांगा, कुठेही चालेल.

म्हणजे जिथे कोर्स आहे तिथे तुमची योजना नाही आणि जिथे तुमची योजना आहे तिथे कोर्स नाही. मग माझ्यासारखीने करायचं काय?

आणि खाजगी खाजगी काय लावलंय? ही विद्यापीठं आकाशातून पडलीत का? विधिमंडळात कायदा करून तुम्हीच त्यांना मान्यता देता, जमिनी असतात, उद्घाटनाला तुम्हीच लोक जाता, दीपप्रज्वलन करता, फोटो काढता. तिथल्या मुलीच्या फीचा विषय निघाला की मात्र ते एकदम परके होतात.

फी सांगते. वर्षाला साडेतीन लाखांच्या वर, फक्त शिक्षण शुल्क. हॉस्टेल वेगळं, मेस वेगळी. त्याशिवाय स्टुडिओचं मटेरियल, पीयू फोम, एमडीएफ, रंग, थ्रीडी प्रिंट, एकेका मॉडेलला हजारो रुपये जातात आणि ते मॉडेल ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडतो तेव्हा, बाजूला सारलं की परत नवीन करायचं. जड सॉफ्टवेअर चालेल असा लॅपटॉप लागतो, तो चाकणच्या पगारातून हप्त्यावर घेतलाय, हप्ते अजून चालू आहेत आणि पगार बंद आहे. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घरी कुणी ना कुणी आर्किटेक्ट नाहीतर कारखानदार आहे, मुलं चांगली आहेत, माझ्याशी नीट वागतात, पण मटेरियल आणायला निघाले की मी काहीतरी कारण सांगून मागे राहते आणि मग कचऱ्यातल्या पुठ्ठ्यावर मॉडेल करते. सर म्हणतात कल्पना छान आहे पण फिनिशिंग नाही. फिनिशिंग पैशाने येतं सर, हे वर्गात बोलता येत नाही.

कर्ज काढा म्हणाल. बँकेत गेले होते. दोन वर्षांचा सगळा खर्च धरला की साडेसात लाखांच्या वर जातं, आणि त्याच्या वर गेलं की तारण लागतं. आमच्याकडे तारण म्हणजे कोरडवाहू वावर, ते चालत नाही म्हणाले. पीएम विद्यालक्ष्मीत विनातारण मिळतं असं ऐकून पोर्टलवर बघितलं तर ती फक्त यादीतल्या ठरावीक संस्थांसाठी, आणि आमचं विद्यापीठ त्या यादीत नाही. राज्याच्या योजनेतून बाहेर, केंद्राच्या योजनेतून पण बाहेर. पहिल्या हप्त्यासाठी बाबांनी काय केलं ते ऐका. कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० होता ना? बाबांनी व्यापाऱ्याला त्याच्यापेक्षा हजार रुपयांनी खाली दिला, कारण सरकारी खरेदीची वाट बघत बसले असते तर फीची तारीख गेली असती. उरलेले मामाकडून उसने. आईच्या खात्यात लाडक्या बहिणीचे १५०० येतात, ते ती खर्च न करता मला पाठवते, त्यात माझी मेस पण पूर्ण होत नाही. एका हाताने बहिणीला द्यायचं आणि तिच्या मुलीकडून दुसऱ्या हाताने लाखोंनी घ्यायचं, ही कसली ओवाळणी आहे?

आता कॉलेजच्या अकाउंट सेक्शनचा मेल आलाय, दुसरा हप्ता भरल्याशिवाय सेमिस्टरच्या ज्युरीला बसू देणार नाही. मी सांगितलं शिष्यवृत्तीचा अर्ज टाकलाय, तर म्हणाले ते तुमचं आणि सरकारचं बघा. सरकार म्हणतं ते तुमचं आणि विद्यापीठाचं बघा.

मला कळत नाही की जीआर लिहिणारे लोक कधी एखाद्या मुलीला समोर बसवून विचारतात का, की बाई तू काय शिकतेस आणि कुठे शिकतेस? २००७ मध्ये देशाचं राष्ट्रीय डिझाइन धोरण आलं, २००९ मध्ये इंडिया डिझाइन कौन्सिल झाली, तेव्हापासून प्रत्येक भाषणात इनोव्हेशन आहे, स्टार्टअप आहे, स्किल आहे. आणि प्रत्यक्षात डिझाइन शिकायचं तर मुंबई-पुण्यात, इंग्रजीत, आणि लाखांत. विदर्भातला पोरगा डिझाइन शिकणार नाही, तर विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पाठीवरचा पंप कोण सुधारणार? ज्याने कधी तो उचलला नाही तो? अनुशेष म्हणजे फक्त धरणं आणि रस्त्यांचा नसतो, साहेब. शिक्षणाच्या नावाखाली सगळं पुण्यात नेऊन ठेवलंय, मग आमच्याकडच्या पोरांनी रूमचं भाडं भरत बसायचं आणि वरून ऐकायचं की मोफत आहे, मोफत आहे.

माझं म्हणणं फार मोठं नाहीये. जो व्यावसायिक कोर्स राज्याच्या एकाही शासकीय किंवा अनुदानित कॉलेजात नाही, त्याच्यापुरती तरी ती खाजगी विद्यापीठाची अट काढा, कॅपची पण काढा, सीडचा स्कोअर धरा, ती राष्ट्रीय पातळीची परीक्षा आहे. पूर्ण फी देता येत नसेल तर सरकारी कॉलेजला जेवढी असते तेवढी द्या, उरलेली मी बघते. आणि विदर्भात एका सरकारी कॉलेजात तरी एम.डेस. सुरू करा, वर्कशॉप तिथे आधीच आहेत, मशिनी आहेत, शिकवणारे आणा. हे मी स्वतःसाठी मागत नाहीये, ते सुरू होईपर्यंत माझी डिग्री संपलेली असेल किंवा सुटलेली असेल.

आणि यातलं काहीच करायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. प्रस्ताव विचाराधीन आहे असं उत्तर नको, हेल्पलाइनचा नंबर नको, तो लावून झालाय. नाही तर नाही, मी ज्युरीच्या आधी नाव काढून घेते आणि चाकणला परत काम शोधते. पण ते 'नाही' मला लेखी पाहिजे, सहीनिशी आणि जावक क्रमांकासकट.

आपली,
एम.डेस. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी
मूळ राहणार जि. यवतमाळ, सध्या पुणे